समुद्र नसलेल्या गावातून बोटीवर जाताना: सागरी कायद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातला. अकरा वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. ओ.एस., म्हणजे साधा खलाशी म्हणून चढलो, ए.बी., म्हणजे अनुभवी खलाशी होऊन उतरलो. आता घरची शेती बघतो. रविवारी सकाळी अंगणात दोन-चार पोरं फाईल घेऊन बसलेली असतात, कधी त्यांचे आईवडील येतात, कधी चिकोडी-निपाणीकडून फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही. कोर्टात जायची वेळ आली तर सागरी खटले चालवणारा वकील गाठाच, खरं त्याच्याकडे जाताना हातात काय असायला हवं ते इथे मिळेल.

आपल्या बेळगावला समुद्रच नाही. मग सागरी कायदा आपल्याला कशाला?

समुद्र नाही, पण समुद्राशी नातं जुनं आहे. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला हेच बेळगावचं बंदर होतं. माल घाटातून खाली उतरायचा आणि गलबतात चढायचा. आज चोर्ला घाट उतरलं की गोवा, अनमोडवरून गेलं की मुरगाव, शिवाय कारवारही जवळच. आपल्याकडची पोरं मराठा लाईट इन्फंट्रीच्या भरतीला जातात तशी आता मर्चंट नेव्हीतही जाऊ लागली आहेत. फरक इतकाच की फौजेत गेलेल्या पोराच्या मागे अख्खं सरकार उभं असतं. बोटीवर गेलेल्याच्या मागे त्याचा करार उभा असतो. तो नीट नसेल तर मागे कोणीच नसतं.

जहाजावर नक्की कुठल्या देशाचा कायदा चालतो?

ज्या देशाचा झेंडा जहाजावर लावलेला असतो, त्या देशाचा. मालक ग्रीक, माल ब्राझीलचा, खलाशी खानापूरचा आणि झेंडा पनामाचा, हे रोजचंच आहे. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं इथे नोंदलेली जहाजं जगात सगळ्यात जास्त. मंगोलियाला समुद्रकिनारा नाही, तरी त्यांच्या झेंड्याची जहाजं समुद्रात फिरतात, कारण किनारा नसलेल्या देशालाही जहाजावर आपला झेंडा लावायचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याने दिला आहे.

पण जहाज बंदरात शिरलं की त्या बंदराच्या देशाचाही हात त्याच्यापर्यंत पोचतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या देशाचा प्रादेशिक समुद्र असतो. २०० सागरी मैलांपर्यंत मासे आणि खनिजांवर हक्क असतो, पण जहाजांच्या येण्याजाण्यावर तितका नाही. बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलचे अधिकारी परदेशी जहाजावर चढून तपासणी करू शकतात. खाणं, पाणी, पगार, सुरक्षा यांत मोठी खोट सापडली तर ते जहाज अडवून ठेवू शकतात. आपण सीमाभागातली माणसं, हद्द कुणाची यावर काय काय अवलंबून असतं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. जहाजाचं तसंच आहे, फक्त त्याची हद्द त्याच्याबरोबर फिरते.

भारतातले मुख्य कायदे कोणते?

१९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा साठ वर्षांहून जास्त चालला. त्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा मर्चंट शिपिंग कायदा केला. त्याच वर्षी बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), समुद्रमार्गे मालवाहतूक, किनारी नौवहन आणि बंदरं यांचेही नवे कायदे आले. जहाजावरचा दावा कुठल्या कोर्टात आणि कसा, हे २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात आहे. नदी-खाडीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा. खलाशांसाठी सगळ्यात कामाचा म्हणजे २००६ चा सागरी कामगार करार, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात. भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला. इंटरनेटवर जुनी माहिती फार फिरते, म्हणून वाचताना तारीख आधी बघा.

एजंट "जॉइनिंगसाठी" तीन-चार लाख मागतोय. द्यायचे का?

नाही. एक रुपयासुद्धा नाही.

एमएलसीप्रमाणे नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची ओळखपुस्तिका) आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तुमच्याकडून घेता येतो, बाकीचा मालकाने करायचा. भारतात खलाशी भरणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल नावाचा परवाना लागतो. तो डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंग (डीजी शिपिंग) हे सरकारी खातं देतं आणि चालू परवान्यांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. एजंटाने दिलेल्या कागदावरचा नंबर तिथे स्वतः शोधायचा. व्हॉट्सॲपवर आलेला परवान्याचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

मी हे इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या वेळी आबांनी म्हैस विकली आणि सोसायटीचं कर्ज काढून एका एजंटाला पैसे दिले. त्याने मला व्हिजिट व्हिसावर आखातात पाठवलं. तिथे एक गंजकी छोटी बोट, पाच महिने काम आणि दोन महिन्यांचा पगार. मी तक्रार करायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला: "करार दाखव." माझ्याकडे करारच नव्हता. माझ्या हातात होती ती फक्त विमानाच्या तिकिटाची झेरॉक्स. आबा त्या म्हशीबद्दल कधी काही बोलले नाहीत.

म्हणून तीन गोष्टी दिसल्या की उठून घरी या: व्हिसा पर्यटकाचा किंवा भेटीचा, करार "तिकडे गेल्यावर", आणि पैसे रोखीत. कुठल्यातरी परदेशाचा सीडीसी "आठ दिवसांत" काढून देतो म्हणणाराही त्यातलाच.

सीडीसी, इंडोस, एसटीसीडब्ल्यू म्हणजे काय? दहावीवर जाता येतं का?

सीडीसी ही खलाशाची ओळखपुस्तिका. कुठल्या जहाजावर कधी चढलात आणि कधी उतरलात याची नोंद तिच्यात होते. इंडोस हा तुमचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक. एसटीसीडब्ल्यू हा प्रशिक्षणाचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार. त्यातले जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, स्वतःची सुरक्षा असे मूलभूत कोर्स केल्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नाही. दहावीनंतर जी.पी. रेटिंगचा, म्हणजे खलाशी व्हायचा, सहा महिन्यांचा कोर्स आहे. संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे वरच्याच संकेतस्थळावर बघा. वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो. रंग ओळखण्यात अडचण असेल तर फी भरण्याआधी तपासून घ्या, मागाहून कळलं की पैसे बुडतात.

शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं, पासपोर्टवर वेगळं. चालेल का?

हा खास आपल्याकडचा घोळ. कन्नड दाखल्यावर नावाआधी आद्याक्षरं, मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, आणि आधारवर तिसरंच काहीतरी. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, म्हणून थोरल्या भावाच्या कागदावर जन्मगाव एक आणि धाकट्याच्या कागदावर दुसरं. गावाच्या नावाने सहसा अडत नाही. स्वतःच्या नावाने आणि जन्मतारखेने मात्र अडतं. सीडीसी, पासपोर्ट, इंडोस आणि कोर्सचे दाखले, चारही ठिकाणी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. दुरुस्ती आधी दाखल्यात, मग आधारमध्ये, मग पासपोर्टमध्ये, या क्रमाने करा. उलट क्रमाने केली तर सगळं दोनदा करावं लागतं.

करारात काय वाचायचं? इंग्रजी समजत नाही.

इंग्रजी समजत नसेल तर समजणाऱ्याला शेजारी बसवा. सही करण्याआधी करार वाचायला आणि सल्ला घ्यायला वेळ मिळणं हा तुमचा हक्क आहे. दोघांच्या सह्यांची मूळ प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

मी पेन्सिल घेऊन बसतो आणि या गोष्टींखाली रेघ मारतो: मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर, तुमचा हुद्दा, मूळ पगार किती आणि ओव्हरटाईम किती, कराराचे महिने, रजा, घरी परत आणण्याची जबाबदारी, आजारपण आणि मृत्यूची भरपाई. रजा महिन्याला किमान अडीच दिवसांची हवी. करार मोडायची नोटीस किमान सात दिवसांची हवी. "एकूण पगार" असा एकच आकडा लिहिला असेल तर तो फोडून मागा. भांडण झालं की सगळं मूळ पगारावर येऊन थांबतं.

आयएमओ नंबर सात आकडी असतो. जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. तो खरा वाटतो का हे घरी बसून कळतं. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा असला पाहिजे. उदाहरणार्थ १२३४५६७. यात ७, १२, १५, १६, १५, १२, बेरीज ७७, शेवटी ७. हिशेब जुळला. आता तुमच्या करारावरच्या नंबराचं करून बघा. जुळला म्हणजे जहाज चांगलं असं नव्हे, पण जुळला नाही तर तो कागद खोटा आहे किंवा नंबर चुकीचा उतरवलाय.

या सगळ्या कागदांच्या प्रतींचा एक सेट घरी ठेवा. ट्रंकेच्या तळाशी नको, आईला किंवा बायकोला चटकन सापडेल अशा जागी.

किती तास काम करायचं असतं?

विश्रांती कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास. या १० तासांचे दोनाहून जास्त तुकडे करता येत नाहीत आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. नोंदवहीत खोटे तास लिहून सही करायला सांगतात तेव्हा नाही म्हणणं अवघड असतं, हे मी जाणतो. अशा वेळी आपले खरे तास स्वतःच्या वहीत तारखेसह लिहीत जा. सोळा वर्षांखालच्या कुणाला जहाजावर घेता येत नाही आणि अठराखालच्याला रात्रपाळी देता येत नाही.

पगार थकलाय. काय करायचं?

आधी जहाजावरच्या तक्रार पद्धतीने लेखी तक्रार करा आणि कॅप्टनची पोच घ्या. त्याबद्दल तुम्हाला त्रास देता येत नाही. मग एजंट, मग डीजी शिपिंग आणि तुमची युनियन. परदेशी बंदरात असाल तर पोर्ट स्टेट कंट्रोल आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ, म्हणजे आयटीएफ, त्याचे निरीक्षक.

त्याने भागलं नाही तर सागरी कायद्यातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे, ते म्हणजे जहाजाची जप्ती. मालक कुठल्या देशात बसलाय हे शोधत फिरायचं नाही. दावा जहाजावरच करायचा. कर्जदार सापडत नाही म्हणून कुणी दारातला ट्रॅक्टर अडवावा, तसं. खलाशाचा पगार हा जहाजाच्या अंगावर चिकटलेला बोजा असतो. जहाज विकलं, नवा मालक आला, तरी तो उतरत नाही. २०१७ च्या कायद्यात अशा बोज्यांच्या क्रमात पगार पहिला आहे. बंदराची थकबाकी आणि इतर दावे त्याच्या मागे. पण मुदत आहे. पगार देय झाल्यापासून दोन वर्षांत जहाजावर जप्ती आली नाही, तर तो बोजा मिटतो. इतर बोज्यांना एकच वर्ष.

दावा कुठे, यात आपल्याकडची माणसं चुकतात. बेळगावच्या जिल्हा कोर्टात हे चालत नाही. आपण बेळगावचे म्हणून धारवाडच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जायचं, असंही नाही. जहाज ज्या उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या पाण्यात उभं आहे, तिथे जायचं. जहाज नव मंगळूर किंवा कारवारला असेल तर कर्नाटक उच्च न्यायालय. मुरगावला असेल तर मुंबई उच्च न्यायालय. काल मुरगावला होतं आणि आज निघून गेलं, तर दावा तिथल्या हातातून गेला. म्हणून जहाज कुठे आहे यावर रोज लक्ष ठेवावं लागतं.

परदेशी जहाजं अशी अडवता येतात हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली एम. व्ही. एलिझाबेथ खटल्यात पक्कं केलं. ते जहाज १९८४ मध्ये आपल्या शेजारच्या मुरगावहून माल भरून बिल ऑफ लेडिंग न देताच निघून गेलं होतं. पुढे ते विशाखापट्टणमला आलं तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्याला अडवलं. त्याच मालकाचं दुसरं जहाजही अडवता येतं. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ केरळच्या किनाऱ्यासमोर बुडालं. केरळ सरकार भरपाईसाठी कोर्टात गेलं तेव्हा त्याच कंपनीशी जोडलेलं दुसरं जहाज अडवण्याचा आदेश झाला.

मालकाने जहाज आणि माणसं वाऱ्यावर सोडली तर?

दोन महिने कराराचा पगार नाही, किंवा अन्नपाणी-इंधन बंद, किंवा घरी पाठवायला नकार. यातलं एक झालं तरी कायद्याच्या भाषेत ते "ॲबँडनमेंट" ठरतं. २०१७ पासून प्रत्येक जहाजाकडे याचा विमा असावाच लागतो आणि त्याचं प्रमाणपत्र मेसमध्ये किंवा सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेलं असतं. त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी यायचा खर्च मिळतो. जहाजावर चढल्या चढल्या पहिल्याच दिवशी त्या प्रमाणपत्राचा फोटो काढून घरी पाठवा. विमा कंपनीचं नाव आणि फोन त्याच्यावर असतो. पुढे जहाजावरचं इंटरनेट बंद पडलं तरी घरातलं माणूस बेळगावातून फोन करू शकतं.

एक सावधगिरी. वैतागून जहाज परस्पर सोडू नका आणि "सगळे पैसे मिळाले" अशा कागदावर सही करू नका.

मुलगा जहाजावर आजारी पडला, कुणी सांगत नाही. आम्ही काय करायचं?

हा फोन बहुतेक आईचा असतो. बाई, मालकाला उपचारांचा खर्च करावाच लागतो, आणि कायद्याने मर्यादा घातली तरी ती १६ आठवड्यांपेक्षा कमी असू शकत नाही. मुलगा जहाजावर आहे तोवर पगार पूर्ण. पगारातला वाटा दरमहा घरी पाठवायची सोय, म्हणजे अलॉटमेंट, हाही त्याचा हक्क आहे. घरात एका कागदावर जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, एजंटाचा परवाना नंबर आणि मुलाचा सीडीसी नंबर लिहून ठेवा. तक्रार करताना या चार गोष्टी हाताशी असल्या तर अधिकारी लगेच शोध घेतो. नुसतं "आमचा मुलगा बोटीवर आहे" यावरून काही सापडत नाही.

मृत्यू झाला तर कराराप्रमाणे भरपाई वारसाला मिळते. लग्न झाल्यावर वारसाचं नाव बदलायचं राहून जातं, आणि मग सासू-सुनेत कोर्टकचेरी सुरू होते. दोन घरांत हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात नाव लावून घ्या.

चाच्यांनी पकडलं तर पगार बंद होतो का?

नाही. कैदेत असेपर्यंत पगार चालू राहतो, कराराची मुदत संपली तरी.

आम्ही फक्त प्रवासी. गोव्यात, मालवणला, मुंबईत बोटीत बसतो. आमचे हक्क काय?

१७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या दोन तारखांमध्ये सत्याहत्तर वर्षं गेली, पण बोटीत पाय ठेवताना बघायचं तेच आहे. किती माणसांची परवानगी हे लिहिलेलं आहे का, आत किती बसली, आणि लाईफ जॅकेट आपल्या हातात आहे का. जॅकेट बाकाखाली बांधून ठेवलेलं असेल तर ते नसल्यासारखंच. मुलाच्या मापाचं वेगळं मागा. गर्दी जास्त वाटली तर उतरा, तिकिटाचे पैसे मागा, दिले नाहीत तरी उतरा.

मोठ्या क्रूझवर बंदर सोडण्याआधी किंवा सोडल्या सोडल्या सगळ्या प्रवाशांची सुरक्षा कवायत घ्यावी लागते. २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया उलटल्यावर हा नियम कडक झाला.

सेवेत खोट असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. बोट गोव्याची असली तरी तक्रार बेळगावात चालते. मुदत दोन वर्षं. तिकीट फेकू नका.

मालवणला किंवा कारवारला भागीदारीत मच्छीमार बोट घ्यायची आहे.

नोंदणी आणि मासेमारीचा परवाना त्या किनाऱ्याच्या राज्याचा. १२ सागरी मैलांच्या आतली मासेमारी राज्याच्या कायद्याने चालते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. भागीदारीचा करार नोंदवा आणि तांडेल (बोट चालवणारा) आणि खलाशांचा विमा बोटीच्या विम्यापासून वेगळा काढा. बोट बुडाली तर अडथळा ठरणारा सांगाडा काढायचा खर्चही मालकाच्या अंगावर येऊ शकतो, हे पैसे गुंतवणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून कास्टिंग परदेशी पाठवतो. माल खराब पोचला तर?

बिल ऑफ लेडिंग हीच पावती, हाच कराराचा पुरावा आणि हाच मालकीचा कागद. त्यावर "माल बाहेरून चांगल्या स्थितीत" असा शेरा आहे की खोट लिहिली आहे ते बघा. जहाज कंपनीवरच्या दाव्याला साधारणपणे माल पोचल्यापासून एकच वर्ष मिळतं. पत्रव्यवहारात ते वर्ष सरतं आणि आपण वाट बघत राहतो. विमा आपला वेगळा काढा, कारण जहाज वाचवण्यासाठी कुणाचा माल समुद्रात टाकावा लागला तर तो तोटा सगळ्या मालधन्यांत वाटला जातो, तुमचा माल सुखरूप असला तरी.

कृष्णेवर आमची इंजिनाची नाव आहे, माणसं पलीकडे नेतो. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

समुद्राचे कायदे नाहीत, पण २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा इंजिनाच्या नावेला लागू आहे: नोंदणी, तपासणीचा दाखला, चालवणाऱ्याचा परवाना, विमा. नोंदणी एका राज्यात केली की ती देशभर चालते, म्हणजे नदीच्या पलीकडचा काठ महाराष्ट्राचा असला तरी नोंदणी पुन्हा करावी लागत नाही. वल्ह्याच्या नावांसाठी त्याच कायद्यात वेगळं, हलकं प्रकरण आहे. कर्नाटकाच्या बंदर आणि अंतर्देशीय जलवाहतूक खात्याचं मुख्य कार्यालय कारवारला आहे. अर्ज कन्नडमध्ये लागला तर कुणाकडून लिहून घ्या, पण खाली मराठीत "वाचून समजलं" असं लिहून मगच सही करा, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.